कुमार श्रीरंग यांच्या मुखावरचे मुख

श्री. गाता गळा देणाऱ्या देवीस नमन, आणि दिलेला गळा माघारी नेणाऱ्यासही नमन, कां की त्याजपुढे कोणाचे चालत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमीस प्रातःकाळी या राज्यात वर्तमान आले की कुमार श्रीरंग कैलासवासी जाहले. वय एकोणपन्नास. हृदयाने दगा दिला. वर्तमान येताच राज्यात एकच आकांत जाहला, आणि तो आकांत कोणी कोणी केला हे पाहोन ज्यास थोडी तरी चाड आहे त्याचे मस्तक फिरावे, म्हणोन ही हकीकत लिहिली.

कुमार श्रीरंग म्हणजे ज्यांणी वयाच्या सतराव्या वर्षी पिवळे जाकीट घालोन सायकलीचे गाणे गाईले आणि एका वर्षात अवघे राज्य जिंकिले. गावोगावच्या कन्यांणी त्यांच्या तसबिरी वह्यांत, उशांखाली आणि देवघराच्या कपाटात ठेविल्या, आणि बापांणी फाडिल्या, आणि कन्यांणी पुन्हा आणिल्या. मग पाच वर्षे गेली, आवाज बसला, मिशा आल्या, आणि चॅनेलांच्या सरदारांणी दुसरा कुमार शोधोन काढिला. गरज सरो वैद्य मरो. कुमार श्रीरंग राजधानी सोडोन एका लहान गावी गेले, आणि बहीण सुलभाताई यांजपाशी राहोन तेथील मुलींस गाणे शिकवू लागले. तेथेही त्यांस सुखे राहो दिले नाही. सरदार विक्रांतराव यांणी 'पाहा आता कैसे दिसतात' ऐसा एक कार्यक्रम काढोन, श्रीरंग भाजी घेत असता चोरून चित्र घेतले, आणि टक्कल व पोट दाखवोन राज्यास पोटभर हसविले. त्या दिवसापासोन कुमारांसमोर कोणी फोन धरिला की ते मुखावर हात धरीत.

आता हेच विक्रांतराव शोकसभेत सर्वांपुढे बसोन रुमालाने डोळे टिपू लागले. सभा राजधानीच्या थोर सभागृही भरली. पुढील आसने सरदारांस, आणि ज्यांणी तीस वर्षे वाढदिवस केले त्या पीतजाकीट मंडळाच्या बायकांस शेवटली रांग, तीही खांबाआड. या मंडळाच्या मुख्य शलाकाबाई टिपणीस. वय सेहेचाळीस, पोस्टात नोकरी, स्वभाव तिखट. दरवर्षी कुमारांच्या वाढदिवशी मनगटास पिवळा रुमाल बांधोन सर्व बायकांस जमवावे, सायकलीचे गाणे म्हणावे आणि पेढे वाटावे, हा रिवाज त्यांणी लग्नात मोडिला नाही, बाळंतपणात मोडिला नाही, सासऱ्यांच्या सुतकातही मोडिला नाही. विक्रांतराव बोलावयास उभे राहिले आणि म्हणाले की श्रीरंग मला धाकट्या भावासारखा होता, तेव्हा शलाकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली. त्या खांबाआडून उभ्या राहिल्या आणि भर सभेत विचारिले, "भाऊ होता, तर सहा वर्षं त्याचा फोन का उचलला नाहीत?" विक्रांतरावांणी रुमाल घडी करोन खिशात ठेविला. मग दोन रखवालदार आले आणि बाईंस आदरे बाहेर नेले, आणि मागोमाग अवघे मंडळ उठोन गेले. त्या दिवशी बाईंस वाटले की आपण मोठी लढाई मारिली.

लढाई पुढेच होती. नवव्या दिवशी सुलभाताई स्वतः बस धरोन शलाकाबाईंच्या घरी आल्या. मंडळाच्या पाचसात बायका तेथे होत्या. पाणी घेऊन ताई म्हणाल्या की तेराव्यास हार घालावयास भावाची तसबीर नाही. कोणी चित्र काढूच देत नसे. आधारकार्डावर एक आहे, परंतु तीवरून तो कोण हे प्रत्यक्ष यमासही ओळखवले नसते. तुम्हांपाशी पुष्कळ असतील, एक द्या. हे ऐकोन बायकांस धन्यता वाटली. लगेच ट्रंका उघडिल्या, वह्या आणिल्या, आणि जमिनीवर तसबिरींचा सडा पडिला. जाकिटातले श्रीरंग, सायकलीवरले श्रीरंग, आइसक्रीम खाणारे श्रीरंग, मांजर धरिलेले श्रीरंग. दोन हजारांवर तसबिरी भरल्या. सुलभाताई एकेक उचलोन पाहत गेल्या आणि खाली ठेवीत गेल्या. उल्काबाई सातपुते, ज्या मंडळाच्या दुसऱ्या मानकरी, त्या म्हणाल्या की ही जाकिटातली न्या, हीत ते फार गोड दिसतात. तेव्हा ताई बोलिल्या, "माझा भाऊ एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, बाई. सतरा वर्षांच्या पोराला हार कसा घालू? त्याच्याकडे शिकणाऱ्या मुली येतात नि विचारतात, हा कोण."

दोन हजार तसबिरींत बाविशीपुढील एकही नव्हती. सरदारांणी कुमारांस विसरोन टाकिले, हे खरे. परंतु मंडळानेही ज्यास तीस वर्षे जपिले तो कोण, हे कोणी पाहिले नव्हते. आणि शलाकाबाई मान खाली घालोन बसल्या, कां की एक तसबीर होती, आणि ती त्यांस ठाऊक होती.

पाच वर्षांमागे मंडळास पंचवीस वर्षे जाहली तेव्हा मोठा आग्रह करोन कुमारांस बोलाविले होते. ते आले. डोईवर केस नाही, पोट पुढे, हाती कापडी पिशवी, आणि पिशवीत स्वतः केलेले नवे गाणे लिहोन आणिलेले. बायकांणी जुने जाकीट पुढे केले. गुंड्या लागेनात, म्हणोन ते हातावर घेऊन उभे राहिले. नव्या गाण्याचे एक कडवे जाहले न जाहले तोच मागून "सायकल, सायकल" ऐसा गलबला जाहला, आणि तो गलबला प्रथम शलाकाबाईंणीच केला. कुमारांणी कागद घडी करोन पिशवीत ठेविला आणि सायकलीचे गाणे गाईले, दोन सूर खाली. मग बाईंणी त्यांजसवे तसबीर काढविली. ओळखीचे म्हणोन की काय, त्या वेळी त्यांणी मुखावर हात धरिला नाही. पुढे छापील तसबीर घरी आली, बाईंणी पाहिली आणि मन खट्टू जाहले, की हा आपला श्रीरंग नव्हे. म्हणोन एका जुन्या मासिकातले सतराव्या वर्षीचे मुख बरोबर तेवढेच कापोन, डिंक लावोन, त्या मुखावर चिकटविले. चौकट करोन शोकेसात ठेविली. पाच वर्षे येणाराजाणारा पाहत होता आणि कोणी चकार शब्द काढिला नाही, कां की मंडळात सर्वांस ते ठीकच वाटत होते.

हे बाईंणी त्याच बैठकीत सर्वांदेखत सांगितले. सुलभाताई रागे भरतील ऐसे वाटले होते. त्या इतुकेच म्हणाल्या, "निघेल का ते?" उल्काबाई आडव्या आल्या, की झाकली मूठ सव्वा लाखाची, लोकांस तो तैसाच आठवू द्या, हा म्हातारा दाखवोन काय मिळवणार. शलाकाबाईंस त्या क्षणी उल्काबाईंचा जैसा संताप आला तैसा विक्रांतरावांचाही आला नव्हता, कां की उल्काबाई जे बोलत होत्या ते शलाकाबाईंच्या स्वतःच्याच पोटातले होते. त्यांणी उठोन शोकेस उघडिले.

मग स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेविले, आणि वाफेवर ती तसबीर धरिली, आणि नखाने हळूहळू ते कागदी मुख सोडवो लागल्या. बायका दारात उभ्या. आधी हनुवटी निघाली, मग गाल, मग अवघा कागद ओलसर होऊन हाती आला. खाली श्रीरंग हसत होते. पुढला एक दात पडलेला, डोळे बारीक जाहलेले, आणि दृष्टी कॅमेऱ्याकडे नव्हे, शलाकाबाईंकडे. तेव्हा बाईंस आठवले की त्या क्षणी आपण त्यांस सांगितले होते की दहावीच्या गणिताच्या पेपरात मी तुमचे गाणे लिहोन आले आणि नापास झाले. त्यावर ते असे हसले होते. त्या हास्यावर आपणच डिंक लाविला आणि पाच वर्षे रोज त्यावरली धूळ पुसली, हे ध्यानी येऊन बाई ओट्याशी बसोन रडल्या.

आणखी एक अडचण राहिली. हार घालावयाच्या तसबिरीत जिवंत माणूस असो नये, आणि या तसबिरीत तर बाई शेजारीच उभ्या. जन्मात कुमारांसवे काढिलेली ती एवढीच. सुलभाताई म्हणाल्या की स्टुडिओवाला काही युक्ती करील, दुसरी छापून देईल. बाई म्हणाल्या नको. शिवणाची कात्री आणिली आणि आपण आपणास कापोन काढिले. एक कोपर तेवढे कुमारांच्या बाहीपाशी राहिले. ते कापू जाता जाकीट कापले जाते, म्हणोन राहो दिले.

तेराव्यास त्या लहान गावी तसबीर पाटावर मांडिली. शिकणाऱ्या मुली आल्या, त्यांणी तसबीर पाहिली, आणि कोणी हा कोण म्हणोन विचारिले नाही. सर म्हणोन वाकल्या आणि रडल्या. इतुक्यात विक्रांतरावांची माणसे कॅमेरा घेऊन दारी आली आणि म्हणो लागली की जाकिटातली तसबीर लावा, ही कोणी ओळखणार नाही. शलाकाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ज्यांणी ओळखावे त्या आत आहेत. माणसे परतली. मागे उभ्या उल्काबाई पदर तोंडास लावोन पुटपुटल्या, की काहीही म्हणा, हे आपले श्रीरंग वाटत नाहीत. शलाकाबाई वळल्या. "आपले नव्हतेच, उल्का. आपण पोरगा ठेवून घेतला आणि माणूस हाताने परत पाठवला. गाणं पिशवीत घालून."

एकूण वर्तमान येणेप्रमाणे. ज्यांणी हसविले ते पुढील रांगेत बसोन रडले, आणि ज्यांणी प्रेम केले त्यांचा अपराध नवव्या दिवशी उघडा पडिला. पिशवीतले गाणे सुलभाताईंस सापडले, ते आता मुली म्हणतात. पीतजाकीट मंडळ मोडिले. तसबीर त्या घरी आहे. कपाळावर डिंकाचा एक पिवळट डाग राहिला आहे, वाफेने निघाला नाही. कोणी विचारिले तर सुलभाताई काही बोलत नाहीत. शलाकाबाई तेथे असल्या तर तो डाग आपला आहे म्हणोन सांगतात.