सात नंबरचं सरबत

महिनाभर त्या घरातल्या सिंकला मुंग्या लागल्या होत्या. घासून पालथ्या घातलेल्या ताटांवरून त्या सहकुटुंब फिरायच्या. ताटंही हाताला चिकटायची. सासूबाईंचं म्हणणं, हल्ली साबणात दम राहिलेला नाही. सासऱ्यांचं म्हणणं, दम साबणात नसतो, मनगटात असतो. या वादाचा निकाल लागायच्या आत रविवार उजाडला आणि मुलगी नवऱ्याला घेऊन जेवायला आली.

लग्नाला तीन महिने झाले होते. जावयाची ही तिसरी खेप. जावई स्वभावाने इतका सौम्य, की लग्नात फोटोग्राफर वीस मिनिटं त्याच्या पायावर उभा होता आणि याने त्याला फक्त एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला उंची पुरतेय ना?"

सासऱ्यांचं तसं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी स्क्रूच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं होतं. निवृत्त झाल्यावर हाताशी स्क्रू उरले नाहीत, तेव्हा त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. तिथली परिस्थिती पाहून त्यांना रात्रभर झोप आली नाही. एक बाटली उंच, एक बुटकी, एकीला कान, एकीचं तोंड वाकडं. त्यांनी घाऊक बाजारातून एकसारख्या दोन डझन काचेच्या बाटल्या आणल्या आणि घरात जे जे ओतता येतं ते ते त्यांत ओतलं. तेल, व्हिनेगर, सरबताचा पाक, फिनेल, काचा पुसायचं, फरशी पुसायचं, तुंबलेला पाइप मोकळा करायचं. मूळ बाटल्या भंगारात गेल्या. नव्या बाटल्यांवर फक्त नंबर आले.

"नावं लिहा की हो," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"नाव लिहिलं की माणूस वाचत बसतो. नंबर पाहिला की हात चालतो."

त्या रविवारीही हात चालला. सासूबाईंनी सात नंबरची बाटली काढली, ग्लासात दोन चमचे पिवळाधमक पाक घातला, वर गार पाणी ओतलं, ढवळलं. वर छान फेस आला. घरात बाकी कोणी सरबत घेत नसे. सासूबाईंना साखरेची मनाई, सासऱ्यांना सर्दीची भीती, मुलीला चहाचं व्यसन. तो मान एकट्या जावयाचा. त्याने ग्लास एका दमात संपवला.

"कसं झालंय?"

"छान आहे, आई."

आणि त्याने ढेकर दिली. ढेकरेबरोबर तोंडातून एक फुगा बाहेर पडला. लिंबाएवढा, गोल, इंद्रधनुष्यी. तो सावकाश टेबल ओलांडून गेला, सासऱ्यांच्या चष्म्याच्या काचेवर टेकला आणि फुटला.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "सात नंबर म्हणजे काय?"

"सात म्हणजे..." सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. अडीच हजार प्रकारचे स्क्रू तोंडपाठ असलेल्या माणसाला सात नंबर आठवेना. "रजिस्टरमध्ये आहे."

"रजिस्टर कुठंय?"

"कपाटात."

"कपाटाची किल्ली?"

सासऱ्यांनी खुंटीवरचा जुडगा काढला. छत्तीस किल्ल्या, प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर.

"यातली कपाटाची कुठली?"

"ते लिहून ठेवलंय," सासरे खोल आवाजात म्हणाले. "रजिस्टरमध्ये."

सासूबाईंनी मटकन खुर्ची गाठली. "अगं बाई! मी जावयाला काय पाजलं गं? पाइप मोकळा करायचं तर नाही ना?"

"मागणीची चिठ्ठी न फाडता बाटली उचललीच कशी?" सासऱ्यांना मूळ अपराध सापडला.

"माझ्याच घरात मी चिठ्ठी फाडू? माझी मुलगी..." त्यांना पुढचा शब्द उच्चारवेना.

"आई, मी बरा आहे," जावई म्हणाला. दुसरा फुगा.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू आल्या. काकू नुसत्या कधीच येत नसत, उपाय घेऊन येत. या वेळी मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "आधी हे पाजा घटाघटा. आणि घशात दोन बोटं घाला. आमच्या धाकट्या दिरांनी फिनेल घेतलं होतं ना, तेव्हा असंच केलं होतं."

"मग बरे झाले?"

"दीर होय? झाले की. पंधरा दिवस दवाखान्यात होते, पण झाले."

जावयाने शिष्टाचार म्हणून तांब्याला हात घातला. मुलीने तो हिसकावून घेतला आणि फोन लावला. विषबाधेसाठी एक मदत क्रमांक असतो, आणि तो तिच्या फोनमध्ये होता, कारण ती या घरात वाढली होती.

फोनवरचा माणूस इतका शांत होता, जणू त्याच्याकडे दुपारभर हेच चालतं. "काय प्यायलेत?"

"सात नंबर."

"कंपनी कुठली?"

"सासरे," जावई मदत करायला म्हणाला.

मुलीने सगळा प्रकार सांगितला. पलीकडचा माणूस म्हणाला, "हे बघा, उलटी करायला लावू नका. आंबट, खारट, दूध, काही पाजू नका. जाळणारं असेल तर वर येताना पुन्हा जाळतं. फेसाचं असेल तर फेस छातीत जातो. चूळ भरू द्या. श्वास घ्यायला त्रास? गुंगी? ओठ, जीभ भाजल्यासारखी?"

मुलीने जावयाकडे पाहिलं. "घशात जळजळतंय का रे?"

जावयाने आधी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. "छे, छे. उलट बरं वाटतंय."

"चव कशी होती?"

"छान."

"अरे, खरी चव सांग! कडू? आंबट? साबणासारखी?"

"आईंच्या हातची चव होती," जावई म्हणाला.

"पेशंट सासुरवाडीत आहे का?" पलीकडच्या माणसाने विचारलं. "मग इथे फोनवर काही कळायचं नाही. काय प्यायलेत ते माहीत नाही, म्हणजे सरळ दवाखान्यात न्या. आणि बाटली बरोबर घ्या. बाटली विसरू नका."

सासऱ्यांना आता कुठे हुकूम मिळाल्यासारखं झालं. त्यांनी चोवीसच्या चोवीस बाटल्या खोक्यात भरल्या.

"एकच सांगितलीय!" मुलगी ओरडली.

"तुलनेला लागतील."

टॅक्सीत मागे सासूबाई, जावई आणि मुलगी बसले. पुढे सासरे, मांडीवर खोका. प्रत्येक गतिरोधकाला चोवीस बाटल्या किणकिणत होत्या. टॅक्सीवाल्याने विचारलं, "लग्नाची पार्टी का?" मुलीने "लग्न टिकवायला चाललोय" असं सांगितलं, तेव्हा त्याने वेग वाढवला. जावयाने टॅक्सीवाल्याची क्षमा मागितली आणि तिसरा फुगा खिडकीबाहेर सोडला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई कामाच्या होत्या. त्यांनी जावयाला खुर्चीत ताठ बसवलं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, तोंडात बॅटरी मारली, छातीला नळी लावली. मग सात नंबरचं बूच उघडून वास घेतला. लिंबू. परीक्षानळीत थेंबभर घेऊन पाणी घातलं, हलवलं. नळी फेसाने भरून वाहिली.

"आता तुम्ही सांगा, चव कशी होती?"

"छान हो—"

"एक मिनिट." डॉक्टरबाईंनी तिन्ही नातेवाइकांना पडद्याबाहेर काढलं. पडदा पातळ होता. "मी तुमची कोणी लागत नाही. माझ्याशी खरं बोललात तर कोणाचं मन मोडत नाही. चव कशी होती?"

आत तीन महिन्यांचं तुंबलेलं एकदम मोकळं झालं.

"साबणासारखी! निव्वळ साबण! मागच्या वेळी पण तसंच होतं. दोन दिवस पोट बिघडलं होतं. मला वाटलं, यांच्याकडे सरबत असंच करतात. फेस आला म्हणजे चांगलं जमलं असं असेल!"

पडद्याबाहेर सासूबाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं. "मागच्या वेळी पण?"

"मागच्या वेळी..." सासरे पुटपुटले आणि त्यांच्या डोक्यात एखादा कप्पा उघडावा तसा चेहरा उजळला. "अगो! महिन्यापूर्वी मी मांडणी बदलली. जास्त लागणारा माल हाताशी, कमी लागणारा लांब. सात आणि बाराची अदलाबदल केली! तुला सांगितलंही होतं."

"कधी?"

"मिक्सर चालू होता तेव्हा."

"म्हणजे सात आता भांड्यांचं लिक्विड?"

"आणि बारा सरबताचा पाक."

सासूबाई सावकाश वळल्या. "मग महिनाभर मी भांडी कशाने घासतेय?"

मुंग्यांचा प्रश्न असा दवाखान्यात सुटला.

डॉक्टरबाईंनी पडदा सारला. "भांड्यांचा साबण आहे, थोडा पातळ करून गेलाय. छाती स्वच्छ आहे, तोंड भाजलेलं नाही. दोन तास इथे बसा, घोट घोट पाणी प्या. मळमळ होईल, पोट बिघडेल, जाईल. नशीब समजा." मग त्यांनी खोक्यातली एकोणीस नंबर उचलली, वास घेतला आणि हात लांब केला. "हे पाइप मोकळा करायचं. हे गेलं असतं तर मी एवढ्या गप्पा मारत बसले नसते. हेही पिवळं, बाटलीही तीच. काका, तुम्ही काय करत होतात?"

"स्टोअरकीपर," सासरे म्हणाले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच हा शब्द त्यांनी खाली मान घालून उच्चारला.

संध्याकाळी ते स्वतः दुकानात गेले. साफसफाईचं प्रत्येक सामान त्याच्या मूळ बाटलीत विकत आणलं, वरच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. त्या किल्लीला नंबर दिला नाही. गळ्यात घातली. रजिस्टरचं कपाट सुताराने फोडून दिलं.

पुढच्या रविवारी जावई आला. सासूबाईंनी पाकाची बाटली आणली. तिच्यावर बोटभर अक्षरात लिहिलं होतं: सरबत. खाली सासऱ्यांची सही आणि तारीख. सरबत झालं. फेस अजिबात नव्हता. तिघंही श्वास रोखून बघत होते. जावयाने घोट घेतला.

"कसं झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

जावयाने ग्लास खाली ठेवला. दवाखान्यातला तो मोकळेपणा त्याला मानवला होता.

"खरं सांगू का, आई? फार गोड झालंय. लिंबू जुनं लागतंय. आणि तुमच्याकडचा भात दर वेळी थोडा कच्चा असतो."

मुलगी टेबलाखाली काहीतरी शोधू लागली. सासूबाईंनी ग्लास उचलला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या.

"अहो," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "वरच्या कपाटाची किल्ली द्या जरा."