कुठेही न जोडलेलं बटण

आम्ही चर्चच्या गायकांनी गाणं रेकॉर्ड केलं आणि "मिक्सिंग मी घरीच करतो" असं मी भर सभेत बोलून बसलो. (बायको, लुपे, तेव्हा माझ्या पायावर पाय देत होती. मला वाटलं, प्रेमानं.) आधीच मी सासूबाईंचं शिलाई मशीन व्हरांड्यात काढून त्यांच्या खोलीचा स्टुडिओ केला होता.

"गाणं बिघडलं तर मशीन आत आणि तू बाहेर," लुपेनं बजावलं.

प्रत्येकाचा आवाज वेगळा घेतलेला. ते एकजीव करायचे, एवढंच काम. पण आमच्या गावात आवाज कमी पडणं म्हणजे अख्ख्या घराची बेअब्रू. फुइमाओनो काकू पालुसामीचं, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचं, पातेलं घेऊनच आल्या. "बाळा, मी जरा दबलेय रे." त्यांना वाढवलं, तर पाद्रीबुवांची बहीण दबली. तिला वाढवलं, तर तिची जाऊ. शेवटी कॉम्प्युटरवर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सगळ्या पट्ट्या धोक्याच्या लाल रंगात गेल्या.

मग मी शक्कल लढवली. टेबलावर एक भलंमोठं बटण बसवलं, मागे वायर सोडलेलं, पण कुठेही न जोडलेलं. "काकू, हे तुमच्या आवाजाचं. हवं तेवढं फिरवा."

काकूंनी डोळे मिटून फिरवलं. "हां! आत्ता कसं!"

सगळ्यांनी फिरवलं, सगळे खूश. आमचा फ्रीज पालुसामीनं भरला आणि मी स्वतःवर भाळलो.

गाण्याची खरी परीक्षा मात्र बसमध्ये. माझा मेहुणा फालानिको आपिया शहराला जाणारी बस चालवतो. सीटखाली कपाटाएवढे, खर्जातला आवाज दुप्पट घुमवणारे स्पीकर. तिथे वाजलं तरच गाणं पास. सासूबाईंसकट सगळे गायक नटूनथटून चढले, जागा संपली तसे एकमेकांच्या मांडीवर बसले. गाणं लागलं. खिडक्या थरथरल्या. काकू नाहीत, बहीण नाही, सासूबाई नाहीत. नुसता एक जाडा, घोगरा आवाज घुमत होता.

"दाजी," फालानिको ओरडला, "गाण्यात डुक्कर कधी घेतलंत?"

बस हसून लोळली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "फालानिको, बस घराकडे वळव."

खोलीत शिरताच मी घाईघाईनं बटण पुढे केलं. "आई, हे तुमच्या आवा..."

"राहू दे, जावईबापू. त्याची वायर टेबलामागेच संपते. झाडताना पाहिलीय मी. आता एकेक आवाज बंद करून दाखवा."

मी एकेक बंद करून पुन्हा चालू करत गेलो. काही फरक पडेना. मग एक बंद केला आणि गाणं एकदम मोकळं झालं. काकू, बहीण, जाऊ, सगळ्या लख्ख ऐकू आल्या आणि वर सासूबाईंचा आवाज तरंगायला लागला. त्यांचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही.

"इतकी वर्षं चर्चमध्ये काय खुपत होतं ते आज कळलं," त्या म्हणाल्या. "कुणाचा हो हा आवाज?"

"माझा."

खोली माझ्याकडेच राहिली. शिवाय आता दर रविवारी चर्चमध्ये सासूबाई मला एकट्याला स्वतंत्र माइक देतात. मी जीव तोडून गातो आणि लोक म्हणतात, हल्ली आपले गायक काय सुरेख गातात! (माइकची वायर बाकाखाली जाते. पुढे कुठे जाते, ते मी अजून वाकून पाहिलेलं नाही.)