गिरणीच्या खर्चातला भाचा

मालनबाईंचा भाचा रोहिदास उंच उडी मारायचा आणि तीन-चार दिवसांनी खाली यायचा. गावाला त्याचं नवल नव्हतं. स्पर्धेत मात्र खाली आल्याशिवाय उडी धरत नाहीत आणि तोवर पंच घरी गेलेले असत, म्हणून पदक अजून नव्हतं.

त्याचे बूट, बदाम, प्रवास, सगळं मालनबाईंच्या पिठाच्या गिरणीवर चालायचं. यंदा कर कार्यालयातून पटवेकरसाहेब चौकशीला आले.

"भाच्याचा खर्च धंद्यात दाखवलाय तुम्ही."

"त्याच्या बनियनवर गिरणीचं नाव आहे, साहेब. वर असला की गावभर दिसतं."

साहेबांनी बाहेर येऊन पाहिलं. रोहिदास कालच उडाला होता आणि देवळाच्या कळसापाशी होता. नाव वाचता येत होतं.

"जाहिरात मान्य. पण नात्यातला आहे. हा धंदा की माया, ते ठरवायला हवं. उडीआधी हातावर दही घालता?"

"घालते. पण ते घरच्या म्हशीचं. खर्चात धरलं नाही."

"ठीक. आणि वर बघता?"

"बघते की. वारं असतं वर."

"तिथंच अडतंय बाई. धंदेवाला माल बघतो. मालाला थंडी वाजते का, ते बघत नाही."

खर्च नामंजूर झाला तर रोहिदासला उड्या सोडून गिरणीत डबे उचलावे लागणार होते, आणि गिरणीला पत्र्याचं छत होतं. मालनबाई म्हणाल्या, "नाही बघणार."

पोरगा उतरेपर्यंत साहेब गिरणीत स्टूल टाकून बसले. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं.

"आत्या, स्वेटर," वरून हाक आली.

मालनबाईंनी आंबे काढायच्या आकडीला स्वेटर अडकवला आणि खाली मातीकडे बघत वर धरला.

"डावीकडे आत्या. अजून. तुला दिसत नाही का?"

"दिसतंय रे," मालनबाई म्हणाल्या. आकडी हलकी झाली.

"मान वर झाली नाही," साहेबांनी लिहून घेतलं.

रोहिदास उतरला त्या दुपारी खर्च मंजूर झाला. अट एकच, धंद्याच्या वेळेत वर बघायचं नाही.

"आणि गिरणी बंद असते तेव्हा?"

साहेबांनी पिशवी उचलली. "तेव्हा धंदाच नसतो."

मंगळवारी गिरणी बंद असते. रोहिदास आता सोमवारी संध्याकाळी उडी मारतो, आणि मंगळवारी मालनबाई अंगणात खाट टाकून दिवसभर उताण्या पडून राहतात.