पोतंभर पुरावा

चिडलेल्या बाईला झेरॉक्सचं दुकान मोकळं मिळालं तर काय होतं, हे घनश्यामला मी दाखवून देणार होते. अहो, देणारच! अख्ख्या राळेगाव तालुक्यात माझ्यासारखी फाइल लावणारी सून नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

भांडण साधं. आमच्या वावरात जायची बैलगाडीची वाट घनश्यामच्या वावरातून जाते. माझ्या सासूबाई, कांताबाई, नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून त्याच वाटेनं जातात. औंदा घनश्यामनं वाटेवर लोखंडी फाटक ठोकलं आणि कुलूप घातलं. पलीकडे आमचा कापूस फुटलेला, बोंडाबोंडातून हाका मारणारा! सासूबाईंनी दावा लावला. वाट आमच्या हक्काची आहे, निदान वेचणीपुरतं फाटक उघडायचा हुकूम द्या.

कोर्टातल्या एका पेशीचं, एका तारखेचं काम, असं आम्हाला वाटलं.

घनश्यामच्या वकिलानं प्रश्नावली धाडली. शपथेवर उत्तरं द्या म्हणे. या वाटेनं पहिल्यांदा कधी गेलात? गाडीला बैल कोणते होते? ते आज हयात आहेत काय? नसल्यास पुरावा!

"बैलाचा मृत्यूचा दाखला मागून राह्यला का थो?" सासूबाईंनी विचारलं.

"हो ना, आत्याबाई."

"त्याच ढवळ्यानं या घनश्यामले शाळेत नेऊन सोडलं. काही इचारायचं असन तं त्यालेच इचार म्हणा!"

पुढचा प्रश्न होता, वाटेचं वर्णन करा. सासूबाईंनी डोळे मिटले आणि ओवीच लावली:

"वाट माझ्या वावराची, जशी भांगातली रेघ,
तिच्यावरून चालता डोई कापसाचा मेघ."

आमचे वकील खेमसिंग यांनी पेन खाली ठेवलं. "कांताबाई, वाट उत्तर-दक्षिण, एक गाडी जाईल एवढी. बस! मेघ शपथेवर लिहिता येत नाही."

मग आम्ही घनश्यामकडे एकच कागद मागितला. त्याच्या वावराचा जुना नकाशा, ज्यात ही वाट दाखवलेली आहे. एकच हो! तर त्यानं सोयाबीनचं पोतं पाठवलं. आत कागदच कागद! बोअरची बिलं, किराण्याच्या चिठ्ठ्या, पोराच्या ट्यूशनच्या पावत्या, कोणाच्या तरी बारशाची पत्रिका. "यातच आहे, शोधून घ्या." आम्ही ओसरीवर पोतं उपसलं. धुळीनं नाकं काळी झाली. नकाशा नाही! पेशीवर त्याचा वकील गोड हसला. "मग दुसऱ्या पोत्यात असेल, साहेब. मुदत द्यावी."

मुदत मिळाली. तिकडे कापूस बोंडातून लोंबायला लागला, म्हाताऱ्याच्या दाढीसारखा. आता वाऱ्याचा एक झपाटा आला की मातीत! माझ्या डोक्यात तर अशी आग पेटली की तिच्यावर भाकरी भाजून निघाली असती.

त्यातच त्यांचा नवा अर्ज आला. वाटेसंबंधी तुमच्याजवळ असेल ते सर्व हजर करा.

सर्व? घे सर्व!

"ताई, मले आधी पाहू द्या," खेमसिंग कळवळले. "लागते तेवढंच देऊ."

"तुमच्या पाहण्यात कापूस जाईल, वकीलसाहेब! त्यानं एक पोतं दिलं, मी दोन देते!"

आणि दिली. बियाण्याची बिलं, वाटेवर काढलेले झाडून सगळे फोटो, एवढंच काय, माझ्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा! आमच्याकडे नव्या जोडप्याला वावरातल्या देवाच्या पाया पडायला नेतात. बँडवाले, वऱ्हाडी, सगळे त्याच वाटेनं नाचत गेले होते. याहून पक्का पुरावा कोणता? दोन्ही पोती सुतळीनं शिवून मी त्या वकिलापुढे आदळली, आणि बाहेर येऊन ऐटीत आलुबोंडा खाल्ला.

पुढच्या पेशीला त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर मी, पोळ्याच्या बैलासारखी सजलेली. बँड वाजला, वाट दिसली. मी खेमसिंगांना कोपरानं ढोसलं, बघा! मग मांडव आला, आणि मांडवात सासूबाई. त्यांनी घनश्यामच्या वडिलांना, बळीरामभाऊंना, शाल आणि नारळ दिला. जन्मात पहिल्यांदा माईक धरला आणि म्हणाल्या, "बळीरामभाऊनं आपल्या वावरातून आमची गाडी नेहमी जाऊ देली. त्याहिचे लय लय उपकार!"

वकिलानं व्हिडिओ थांबवला. "जाऊ दिली, साहेब! म्हणजे परवानगी. परवानगीनं गेलं तर हक्क कुठून येतो?"

सासूबाई ताडकन उठल्या. "मांडवात पाहुण्याचे आभार मानू नाही तं काय शिव्या देऊ?"

अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशसाहेबांनीही कागदात मान घातली. पण हुकूम काही मिळाला नाही. हक्क की परवानगी, हे साक्षीपुराव्यानंतर ठरेल, आणि पेशी संक्रांतीनंतर! खेमसिंगांनी माझी पाण्याची बाटली घेऊन सगळी रिकामी केली.

आता कापूस डोक्यावर आणायचा, तोही नाल्यातून, लांबच्या फेऱ्यानं. परवा आम्ही दोघी गाठोडी घेऊन निघालो तर फाटक सताड उघडं! आणि फाटकात घनश्याम, मोबाइल आमच्यावर धरून.

"या ना काकू, इकडूनच जा! म्या कुठं नाही म्हटलं? जाता जाता फक्त थँक्यू म्हणा."

माझ्या तोंडात अशी शिवी आली होती की मोबाइलची काच तडकली असती! सासूबाईंनी माझा हात दाबला. त्या वळल्या आणि नाल्यात उतरल्या. बळीरामभाऊंना भाऊ मानलेली बाई ती. पाठीचा कणा ताठ, डोळे मात्र भरलेले.

चिखलात त्यांचा पाय घसरला. पलीकडच्या वावरातला श्रावण धावत आला. त्यानं त्यांना हात दिला, गाठोडं आपल्या खांद्यावर घेतलं. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि सवयीनं म्हणाल्या, "लय उपकार झाले रे बाप्पा!"

त्यांना लागलं का, हे विचारायच्या आधी मी मागं वळून पाहिलं, तो मोबाइल अजून चालू तर नाही ना!