पाचव्या डावानंतरचा सत्कार

नेब्रास्का राज्यातील ब्रिजर कॉलेजच्या मैदानावर, डाव्या कुंपणाच्या बाहेर, त्यास अगदी लगत, एका उघड्या टपाच्या पांढऱ्या मोटारीत, मागील आसनाच्या पाठीवर चढून ऑरिन हॅस्किल हे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ लोकरीचा नवा कोट परिधान करून बसले होते आणि पाचवा डाव समाप्त होण्याची प्रतीक्षा करीत होते. पाचवा डाव समाप्त होताच फाटक उघडायचे, मोटारीने मैदानास संथ प्रदक्षिणा घालायची, बँड वाजायचा, कुंपणावरील फलकाचे कापड ओढले जायचे आणि त्याखालून एकतीस हा आकडा प्रकट व्हायचा. तो आकडा पाठीवर वागवून ऑरिन यांनी या कॉलेजसाठी चार वर्षे आणि तदनंतर धंदेवाईक संघांतून तेरा वर्षे बेसबॉल खेळला होता. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून चेंडू झेलणे हे त्यांचे, म्हणजे कॅचरचे, काम. आजपासून तो आकडा ब्रिजरच्या दुसऱ्या कोणत्याही खेळाडूस मिळणार नव्हता. याहून मोठा सन्मान कॉलेजपाशी नव्हता.

शेजारी त्यांच्या पत्नी नेडीनबाई बसल्या होत्या. त्यांना आकड्याशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांचे सर्व लक्ष ऑरिन यांच्या कोटाच्या आतल्या खिशाकडे लागलेले होते. त्या खिशात भाषणाचा कागद होता आणि भाषणाची शेवटची ओळ आपल्याविषयी आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. धंदेवाईक खेळाच्या काळात त्यांनी अकरा गावांत बिऱ्हाडे मांडली व मोडली होती, सुजलेल्या गुडघ्यांना बर्फ लावला होता. परंतु एकोणपन्नास वर्षांच्या संसारात ऑरिन यांच्या मुखातून कृतज्ञतेचा जो सर्वोच्च उद्गार निघाला होता, तो जेवताना "रोस्ट बरा झालाय" एवढाच. आज तोच पुरुष बाराशे लोकांसमक्ष आपले आभार मानणार, या वार्तेने हर्षून नेडीनबाईंनी केस कापणाऱ्या बाईपासून पाद्रीसाहेबांपर्यंत सर्वांस निमंत्रिले होते.

पाचवा डाव समाप्त झाला. सोहळ्याचे व्यवस्थापक ग्लेन रेडिक यांनी फाटकाच्या कडीस हात घातला, तोच संघाचे कोच बर्डेट धावत आले.

"ग्लेन, कडी सोड."

"का? पाचवा संपला की."

"मोठ्या फलकाकडे बघ. आणि तोंडानं काही बोलू नकोस."

ग्लेनने पाहिले. पाहुण्या संघाच्या नावापुढे, फटक्यांच्या रकान्यात, शून्य होते. ब्रिजरचा चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, टकर ओल्सन याने पाच डावांत एकही फटका बसू दिला नव्हता; झेलला गेलेला चेंडू फटक्यांत मोजत नाहीत. असेच नऊ डाव पार पडले, तर त्या पराक्रमास एक स्वतंत्र नाव आहे; परंतु घडण्यापूर्वी ते उच्चारले असता तो घडत नाही, हे आमच्याकडे तान्ह्या मुलासही ठाऊक असते. अशा वेळी पिचरशी कोणी बोलत नाही. त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. जो जेथे जसा असेल, त्याने तेथे तसेच राहावयाचे. कारण नक्की कशामुळे चांगले चालले आहे, हे कोणासच ठाऊक नसते.

"सोहळ्याला पंधरा मिनिटं लागणार," कोच म्हणाले, "तोवर पोराचा खांदा थंड पडेल. शिवाय ही गाडी आत आली म्हणजे सगळंच बदललं."

"मग सत्काराचं काय करू?"

"हॅस्किल साहेबांनाच विचार. ते कॅचर होते."

"कोच बरोबर बोलतायत," ऑरिन गंभीरपणे म्हणाले. "गाडी हलवायची नाही."

"ऑरिन, सत्कार तुझा आहे," नेडीनबाई म्हणाल्या.

"म्हणून तर मला विचारलं."

सहाव्या डावात ऑरिन यांच्या डाव्या पायात गोळा आला, म्हणून त्यांनी तो पाय मोटारीच्या दारावरून बाहेर टाकला. नेमक्या त्याच क्षणी पाहुण्यांच्या फलंदाजाने चेंडू प्रचंड वेगाने टोलावला आणि ब्रिजरच्या खेळाडूने मागच्या भिंतीस पाठ टेकवून तो कसाबसा झेलला. ऑरिन पाय आत घेऊ लागले आणि थबकले.

"काय झालं?" नेडीनबाईंनी विचारले.

"झेल घेतला तेव्हा पाय बाहेर होता."

"अरे, पाय बाहेर काढलास म्हणूनच चेंडू एवढा लांब गेला असेल."

या शंकेने ऑरिन काही काळ व्यथित झाले. परंतु झेल घेतेवेळी पाय बाहेर होता, ही गोष्ट निर्विवाद होती. पाय बाहेरच राहिला.

सातव्या डावात वारा सुटला. फलकावरील कापड घसरू लागले, म्हणून ग्लेन कुंपणाबाहेरील शिडीवर धावत चढला. एकतिसातील तीन उघडा पडला असता त्याने कापड धरले, आणि तत्क्षणी टकरने फलंदाजास बाद केले. आता कापड वर ओढणे शक्य नव्हते आणि खाली सोडणेही शक्य नव्हते. ग्लेन अर्धे कापड धरून शिडीवर उभा राहिला. मोटारीमागे बँडमास्तर छडी उगारून उभा होता. त्याला छडी खाली घेण्यास कोणी सांगितले नाही, आणि विचारण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

"सामना संपल्यावर करू की सोहळा," आठव्या डावात ग्लेन शिडीवरून हलक्या आवाजात म्हणाला.

"तेव्हा लोक कुठं असतील?" नेडीनबाईंनी विचारले.

"मैदानात. पोराच्या अंगावर. खोटं कशाला बोलू, मिसेस हॅस्किल, तुमच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही."

"आणि मधेच त्याला फटका बसला तर?"

"मग काय, सगळे मोकळे. लगेच फाटक उघडतो."

नेडीनबाईंनी हात जोडून आकाशाकडे पाहिले. ऑरिन यांनी मान न वळवता, केवळ बुबुळे वळवून त्यांच्याकडे पाहिले.

"नेडीन, तू समोरच्या संघासाठी प्रार्थना करत नाहीयेस ना?"

"प्रार्थना नाही. देवाला फक्त परिस्थिती सांगतेय."

"त्याला दिसते परिस्थिती."

"एकोणपन्नास वर्षं दिसतेय, पण त्यानं काही केलं नाही. ती एक ओळ इथंच वाचून दाखव."

"खिशात हात घालावा लागेल," ऑरिन म्हणाले, आणि विषय संपला.

देवाने परिस्थितीची दखल घेतली नाही. नवव्या डावात टकरने दोन फलंदाज लागोपाठ बाद केले. आता केवळ एक उरला. मैदानावर अशी शांतता पसरली की झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, ती ऐकू येत होती. ऑरिन यांस मात्र लोकरीचा कोट, मे महिन्याचे ऊन आणि चार डावांची निश्चलता यांच्या संयुक्त प्रभावाने डुलकी लागली होती.

फलंदाजाने बॅट फिरवली. चेंडू उंच उडाला, रेषेबाहेर गेला आणि थेट पांढऱ्या मोटारीच्या दिशेने उतरू लागला. ब्रिजरचा डावीकडचा खेळाडू हातमोजा उंचावून कुंपणाकडे धावत आला. तो चेंडू झेलणार, यात संशय नव्हता. पराक्रम पूर्ण होणार, लोक मैदानात धावणार आणि शेवटची ओळ कोटाच्या खिशातच राहणार.

नेडीनबाईंचे चित्त त्या क्षणी विलक्षण वेगाने चालले. प्रेक्षकांत गेलेला चेंडू प्रेक्षकाने झेलला की तो वाया जातो आणि फलंदाजास पुन्हा संधी मिळते, हे त्यांनी आयुष्यात हजारदा पाहिले होते. पुन्हा संधी मिळाली, तर कदाचित फटका बसेल.

"ऑरिन, तुझा!" त्या कडाडल्या.

एका चेंडूखाली दोन खेळाडू धावले की हीच आरोळी देतात, आणि कॅचरचे शरीर ती ऐकून विचार करीत बसत नाही. ऑरिन यांचे डोळे उघडण्यापूर्वीच ते उभे राहिले होते. कुंपणावरून त्यांचा उघडा हात पुढे गेला, खेळाडूच्या मोज्याच्या वीतभर वर चेंडू तळहातात बसला, आणि तेथेच राहिला.

खेळाडूने मोजा जमिनीवर आपटला. कोच डोके धरून खाली बसले. आपण काय केले, हे ऑरिन यांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पंच चालत कुंपणापाशी आले.

"साहेब, झेललात तेव्हा हात कुठं होता?"

पंच आणि कॅचर यांनी आयुष्यभर एकमेकांस खेटून काम केलेले असते; त्यांच्यात असत्य चालत नाही.

"कुंपणाच्या पलीकडे," ऑरिन क्षीण स्वरात म्हणाले. "मैदानात."

"बाहेर असता तर चेंडू नुसता वाया गेला असता. पण तुम्ही मैदानात हात घालून या पोराचा हमखास झेल अडवलात. नियम सरळ आहे." पंचांनी मूठ वर केली. "फलंदाज बाद."

सामना समाप्त झाला होता. बाराशे मुखांतून "नो-हिटर!" हा निषिद्ध शब्द एकदम बाहेर पडला आणि लोक मैदानात धावले; परंतु चेंडू जेथे असतो तेथेच लोक जातात, आणि चेंडू पांढऱ्या मोटारीत होता. पाहता पाहता मोटारीभोवती माणसांचा समुद्र झाला. ग्लेनने हायसे वाटून कापड सोडले. बँडमास्तरची छडी एकदाची खाली आली.

ऑरिन यांच्या हाती ध्वनिक्षेपक देण्यात आला. त्यांनी कागद काढला. घामाने त्यावर केवळ निळा डाग उरला होता. नेडीनबाईंनी डोळे मिटले.

"मला भाषण येत नाही," ऑरिन म्हणाले. "सतरा वर्षं चेंडू झेलले. आजचा मात्र माझा नाही. मला डुलकी लागली होती. नेडीननं हाक मारली, म्हणून उठलो. तसं बघितलं तर आजवर मी कधीही उठलोय तो तिनं हाक मारली म्हणूनच. अकरा गावं, दोन गुडघे, सगळं तिनं सांभाळलं. टकर, तुझं काम आज हिच्यामुळं झालं, बाबा. तू तिचे आभार मान. मीही मानतो. मला जरा उशीर झाला."

सर्व लोकांनी नेडीनबाईंच्या नावाने टाळ्या वाजवल्या. केस कापणारी बाई रडू लागली. टकर ओल्सन टोपी काढून मोटारीपाशी आला आणि त्याने ऑरिन यांच्याकडून तो चेंडू घेऊन नेडीनबाईंच्या हातात ठेवला.

"हा तुमचा, मॅडम. पण एवढ्या घाईत तुम्हाला तो नियम कसा आठवला? आमच्या कोचनासुद्धा नाही आठवला."

नेडीनबाईंनी एकवार ऑरिन यांच्याकडे पाहिले. ते सद्गदित झाले होते.

"एवढी वर्षं खेळ बघितला की कळतं, बाळा," त्या म्हणाल्या, आणि चेंडू पर्समध्ये टाकून त्यांनी तिची चेन लावली.