जास्वंद आणि बुलबुल यांची तुलना करा

सहावीच्या विज्ञानाच्या पेपरात चौथा प्रश्न आला होता: 'जास्वंद आणि बुलबुल यांची तुलना करा. गुण पाच.' सरांनी मुळात लिहिलं होतं, 'जास्वंद आणि मोगरा, किंवा दयाळ आणि बुलबुल.' टाइप करताना मधले शब्द गळाले आणि फुलाची गाठ थेट पाखराशी पडली.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, प्रश्नात काही चुकलंय का. सरांनी कागद पाहिला आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. गेल्याच आठवड्यात याच मुलीला त्यांनी एक शब्द राहिला म्हणून सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. लिहिलेलं एकदा वाचावं, यावर चांगली दहा मिनिटं सुनावलंही होतं. आता कुठल्या तोंडाने 'हो' म्हणणार?

"प्रश्न बरोबर आहे. डोकं चालवा," सर म्हणाले.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांना वाटलं. पण पेपर मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती पडला आणि त्यांनी सरांना बोलावून घेतलं. सर म्हणाले, ही नवी पद्धत आहे, मुलं स्वतंत्र विचार करायला लागतात. बाई इतक्या खूश झाल्या की शनिवारच्या शिक्षकसभेत सरांनी या पद्धतीवर बोलावं आणि आदर्श उत्तर फळ्यावर लिहून दाखवावं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

दोन दिवस झाले, तरी 'दोन्ही फांदीवर दिसतात' याच्यापुढे सरांची गाडी जाईना.

"चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. "बुलबुलाला काही पाकळ्या फुटायच्या नाहीत."

शेवटी मुलांच्याच पेपरांतून एखादं उत्तर उचलावं म्हणून सर तपासायला बसले. एकाने लिहिलं होतं, 'दोघांनाही परीक्षा नसते.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'अडचण आली की बुलबुल उडून जातो. जास्वंदीला ती सोय नाही.' सरांना जास्वंदीबद्दल फार वाईट वाटलं.

मग त्या मुलीचा पेपर आला. बाकी सगळं अचूक, चौथ्या प्रश्नाची जागा मात्र कोरी. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सर, प्रश्न चुकलाय. पण सगळ्यांसमोर चूक निघाली की खूप लाज वाटते, म्हणून मी परत विचारलं नाही. माझे पाच गुण गेले तरी चालतील.'

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तो पेपर तीनदा वाचला.

शनिवारी सभेआधी ते सहावीच्या वर्गात गेले आणि फळ्यासमोर उभे राहिले. घसा खाकरून झाला, चष्मा पुसून झाला, पुन्हा घसा खाकरून झाला.

पहिल्या बाकावरून हळूच आवाज आला, "सर, बसून सांगितलं तरी चालेल."