मोराच्या चापाची व घाटाखालच्या वाघिणीची बखर

श्री. विघ्ने हरणारास दंडवत, विघ्ने नेमणारांस मुजरा. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, एके राज्यी (नांव लिहावे तर कागद जप्त होईल, सबब लिहिले नाही) जे वर्तमान जाहले ते यथामति लिहितो.

घाटाखालचे गांवी एका वाघिणीने चौमासा सरल्यापासून सात माणसे नेली, आणि गांवचा पाटील सोनजी दरबारी आला, आणि हुजुरांचे पायांवर पागोटे ठेवून बोलला, "महाराज, बायका पाण्याला जाईनात. परवा माझी थोरली भावजय नेली." महाराज थोर, दयाळू, पुण्यप्रतापी, डोळां पाणी आणिले, आणि आज्ञा जाहली की वाघिणीचे पारिपत्य हुजूर स्वतः करितील, परंतु नवी बंदूक सिद्ध होईल तेव्हां. तोंवर वाघिणीने धीर धरावा.

बंदूक इंद्रोजी पांचाळ हा दोन वर्षे हाताने घडवीत होता. तोंडातून दारू ठासावयाची, नळीचे आंत वळणाच्या रेघा, दस्ता शिसवी. चाप तेवढा बसवावयाचा राहिला. घोड्याचे दाती गारगोटी, ती पोलादी पत्रीवर आपटावी, ठिणगी वाटीत पडावी, वाटीतली बारीक दारू, म्हणजे रंजक, पेटावी, ऐसे ते यंत्र. इंद्रोजीने आपला चाप केला होता, काळा, बिननक्षीचा. आणि कारभारी दिनकरपंत यांनी एका सौदागराकडील चाप आणविला, त्यावर सोन्याचा मोर, मोराचे डोळां माणिक. मग भर दरबारी परीक्षा नेमिली.

इंद्रोजी म्हणाला, "महाराज, घोडा ओढून कान द्यावा. चांगली कमान एकच शब्द बोलते, ही मोराची किरकिरते. आणि पत्रीवर कानस फिरवावी. घसरली तर पोलाद पक्के, रुतली तर कच्चे." कानस फिरविली, ती मोराचे पत्रीत काकडीत रुतावी तैसी रुतली. मग दहा दहा वेळां घोडा पाडिला. काळ्याने दहाही वेळां ठिणगी दिली, मोराने तीन वेळां. तेव्हां पंत बोलिले, "तीन ठिणग्या, परंतु खानदानी. दहा तर लोहाराची भट्टीही उडविते." सर्वांनी वाहवा केली, आणि महाराज म्हणाले, "काळा चाप आमचे हाती? लोक काय म्हणतील?" लोकांची ऐसी काळजी वाहणारा राजा विरळा. मोर बसविला.

मग स्वारी निघाली, हुजूर मचाणावर विराजमान जाहले, आणि हाकाऱ्यांनी वाघीण समोर आणिली. हुजुरांनी कळ दाबिली. टक्. वाघिणीने वर पाहिले. पुन्हां टक्. मग ती वळली आणि हाकाऱ्यांवर पडली, आणि पाटलाचा थोरला भाऊ रायाजी, ज्याची बायको नेली होती, त्याचा खांदा फाडून करवंदीचे जाळीत गेली. पंतांनी तेथेच टिपण केले की वाघिणीने अदब राखिली नाही.

बंदुकीसोबत आलेल्या इंद्रोजीने पागोटे फाडून रायाजीचा खांदा बांधिला. रायाजी पडल्या पडल्या बोलला, "बंदूक तुमचीच ना?"

"नळी माझी. चाप माझा नव्हे."

"मग तुमचा कुठं हाय?"

"पिशवीत."

"पिशवीत ठेवून कुणाला वाचवणार, दादा?"

रात्री इंद्रोजीने तो काळा चाप पिशवीतून काढून पुसला. दुसरे दिवशी दोन प्रहरी हुजूर भोजनोत्तर वामकुक्षी करीत असतां तो बंदुकीपाशी गेला, दोन पेच सोडिले, मोर काढिला, आपला चाप बसविला. हुजूरचे शस्त्रास हात लावील त्याचे हात तोडावे, ऐसा कायदा.

तिसरे प्रहरी पुन्हां हाका जाहला, वाघीण निघाली, हुजुरांनी चापाकडे न पाहतां कळ दाबिली आणि एकच बार जाहला. वाघीण जागीच पडली. बायका रानांत धांवल्या, कोणी हसे, कोणी रडे. पंत धांवत आले, म्हणाले, "धन्य तो मोर!" आणि बंदूक उचलून पाहतात तो मोर नाही.

"हे कोणी केले?"

"म्यां केले," इंद्रोजी म्हणाला. "मोर उडाला नाही, माझे खिशांत आहे. घ्यावा."

हुजुरांनी न्याय केला तो ऐसा: वाघीण हुजूरचे प्रतापे मेली, मोरास जवाहिरखान्यांत मखमलीची गादी द्यावी, इंद्रोजीचे हात तोडावे, परंतु पुढें बंदूक दुरुस्त कोण करील, सबब हात सरकारजमा करून त्याचेच अंगावर ठेवावे. ऐसी दया पृथ्वीवर जाहली नाही.

इंद्रोजीने मुजरा केला, हत्यारे बांधिली, आणि रायाजीचे गांवी जाऊन राहिला. रायाजीचा खांदा पुरता बरा जाहला नाही, म्हणोन त्याचे नांगराचा फाळ इंद्रोजी स्वतः धारेस लावी. वर्षाने हुजूरची बंदूक बिघडली, आणि स्वार आज्ञापत्र घेऊन आला. इंद्रोजीने भाता थांबविला, ऐकिले, आणि बोलला, "हात सरकारचे, ते खुशाल न्यावे. पाय माझे आहेत. ते येत नाहीत."

स्वार रित्या हाती परतला. वाघीण मेली, बायका पाण्यास जाऊ लागल्या, राज्य बुद्धिमंतांचे हाती सुखरूप राहिले. ऐकिले तैसे लिहिले. अधिक उणे असल्यास दोष लेखणीचा, शहाणपण दरबारचे.